घर निवडावे ते मंगळवारच्या टेकडीसाठी

गेल्या महिन्याभरात तीन ओळखीच्या घरांतून एकच प्रश्न आला. मुले शिकायला बाहेर पडली आहेत, कामाचा बराचसा भाग आता घरूनच होतो, तेव्हा मुंबई-पुण्याच्या गर्दीतून उठून डोंगर, सायकल, पोहणे असे सगळे वर्षभर करता येईल अशा ठिकाणी राहायला जावे म्हणतो. तर जागा कुठे बघावी? तिघांच्याही मनात एकेक नाव आधीच पक्के होते. एकाचे लोणावळा, दुसऱ्याचे महाबळेश्वर, आणि माझ्या मैत्रिणीला तर ताम्हिणी घाटाच्या अलीकडचा एक प्लॉट इतका आवडला आहे की माझ्याकडून तिला फक्त होकार हवा होता. नावाला भुलून घर घेण्याची चूक मी स्वतः पैसे मोजून केलेली असल्यामुळे फोनवर तुकड्यातुकड्याने सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहावे असे वाटले.

आम्ही २०१४ साली लोणावळ्याच्या बाजूला एका गृहप्रकल्पात घर घेतले. माहितीपत्रकावर ‘बारमाही निसर्ग’ असे शब्द होते आणि ऑक्टोबरमधल्या ज्या दुपारी आम्ही जागा बघितली त्या दुपारी ते खरेही होते. पुढच्या जुलैत माझे डोंगरात घालायचे बूट सलग एकवीस दिवस वाळले नाहीत. कपाटात साठचा बल्ब लावून ठेवणे, फ्रिजच्या मागच्या उबेला मोजे टांगणे, बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबणे हे सगळे उपाय करून झाल्यावर एके सकाळी बुटांच्या जिभेवर पांढरी, लोकरीसारखी बुरशी उगवलेली दिसली, आणि त्या दिवशी मी फिरायला जाण्याऐवजी व्हिनेगरने कपाट पुसत बसले. शनिवार-रविवारी तर फाटकातून बाहेर पडणेच अवघड, कारण भुशी धरणाकडे निघालेल्या गाड्यांची रांग आमच्या वळणापर्यंत येई. आजूबाजूचे डोंगर खिडकीतून सुरेख दिसत, पण घरातून पायी निघून ज्यावर चढता येईल असा एकही नव्हता. जवळच्या दोन उतारांना तारेचे कुंपण होते आणि रस्त्याला पायी चालणाऱ्यांसाठी कडाच नव्हती. म्हणजे निसर्गाच्या मधोमध राहून मी लोहगडाला जायला गाडी काढत होते. एका वर्षाची डायरी नंतर चाळली, तेव्हा डोंगरात गेल्याच्या नोंदी भरल्या अवघ्या अकरा.

मला वाटते, घोटाळा होतो तो आपण घर रविवारच्या डोळ्यांनी बघतो म्हणून. रविवार वर्षातून ५२ येतात. त्यातले लग्नकार्यात, पाहुण्यांत, आजारपणात आणि आळसात जाणारे वजा केले की वीस-पंचवीस उरतात, आणि तेवढ्यांसाठी पुण्यात राहूनही राजगड-तोरणा होतातच की. माणसाच्या अंगात बदल होतो तो मंगळवारी सकाळी सहा वाजता, कामाला बसण्याआधीच्या सव्वा तासात, गाडीची किल्ली न शोधता आपण कुठे जाऊ शकतो यावर. म्हणून मी विचारणाऱ्याला आधी एवढेच विचारते, की तुझ्या दारापासून पायी पंधरा मिनिटांत काय आहे? त्यानंतरचा प्रश्न असा, की तिथला सगळ्यात वाईट महिना कोणता आणि त्या महिन्यात तू काय करशील?

महाराष्ट्रात वाईट महिने दोन प्रकारचे असतात, आणि या दोन्हींच्या मधली पट्टी कुठे सापडते हे समजून घ्यायला थोडा पाऊस समजून घ्यावा लागतो. समुद्रावरून येणारे नैऋत्येचे वारे सह्याद्रीच्या भिंतीवर आपटून वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावरच रिते होतात. माथा ओलांडून पूर्वेला उतरताना त्यांच्यात फारसे काही उरत नाही. हा फरक किती झपाट्याने पडतो ते सातारा जिल्ह्यात डोळ्यांनी दिसते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथून वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या निम्माही पडत नाही, घाट उतरून वाईत आलात की आकडा हजाराच्या आत येतो, आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला माणदेशात दहिवडी-म्हसवडकडे पाचशेच्या आसपास पावसावर वर्ष काढावे लागते. घाटमाथ्यावर घर घेतले तर जुलै-ऑगस्ट हातचे जातात, फार पूर्वेला सरकलात तर मार्चपासूनच ऊन पळवून लावते. मधली जी पट्टी आहे, म्हणजे माथ्यापासून पूर्वेला पंचवीस ते साठ किलोमीटर, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे ते साडेसातशे मीटर उंचीवर, तिच्यात नाशिक, जुन्नर, पुणे, वाई, सातारा, कोल्हापूर ही गावे ओळीने बसली आहेत. पावसाळ्यात तिथे पाऊस पडतो पण थांबतोही, आणि मे महिन्यात दुपार कितीही तापली तरी पहाटेचा वारा गार असतो. नागपूरच्या माझ्या आत्तेबहिणीला हे सांगितले की ती हसते, कारण तिच्याकडे पारा ४५ च्या पुढे गेला की पहाटेही तापलेलीच असते. अर्थात तिच्याच शहरातल्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत एकट्याने पूर्ण केली होती, तेव्हा हवामानाचे निमित्त फार ताणू नये हेही खरे.

कोकणाबद्दल मला कोणी विचारले नाही, तरी लिहिते. समुद्र हवा असणाऱ्याने तिकडे जरूर राहावे, पण तो बारमाही नाही हे गृहीत धरून. मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत मालवण-तारकर्लीचे पाण्यातले सगळे खेळ बंद असतात, आणि उरलेल्या महिन्यांत दमट हवेत धावणे हे जन्मापासूनची सवय असणाऱ्यांनीच करावे. कोलाडच्या कुंडलिका नदीतल्या राफ्टिंगची गंमत मात्र वेगळी आहे. मुळशी धरणाचे पाणी भिऱ्याला वीज तयार करून नदीत सुटते आणि त्या पाण्यावर सकाळच्या होड्या निघतात, त्यामुळे तिथला खेळ पंचांगापेक्षा विजेच्या वेळापत्रकावर जास्त चालतो.

मधल्या पट्टीतल्या गावांत आम्ही सातारा निवडले, त्यात नवऱ्याची शिरवळची नोकरी हे एक कारण होतेच. ते लपवून निवड फार शास्त्रशुद्ध होती असे दाखवण्यात अर्थ नाही. पण दुसरे कारण अजिंक्यतारा. हा किल्ला शहराच्या डोक्यावर आहे, लांबवर कुठे नाही. आमच्या गल्लीतून निघून डांबरी रस्त्याने रमतगमत चढले तरी पाऊण तासात दरवाजा येतो, आणि ज्यांना दम काढायचा असतो ते मधल्या पायवाटांनी जातात. मे महिन्यात मी पाचला निघते. तेव्हा रस्त्यावर निवृत्त मास्तर, पोलीस भरतीची तयारी करणारी मुले, गुडघ्याला पट्टे बांधलेल्या दोन बहिणी आणि वाकलेल्या काठीचे एक आजोबा असतात, जे रोज मला ‘आज उशीर केलात बाई’ एवढेच म्हणतात, मी लवकर आले असले तरी. दरवाजातून आत मारुतीच्या देवळापाशी पोहोचेपर्यंत खालच्या शहराचे दिवे एकेक करून विझत असतात, पूर्वेला जरंडेश्वराच्या डोंगरामागे तांबडे फुटलेले असते आणि पश्चिमेला यवतेश्वराची सपाट रेघ अजून निळी असते. साडेसहाला मी घरी, साडेआठला संगणकासमोर.

त्या माणसांचा उल्लेख मी मुद्दाम केला. डोंगराजवळ घर शोधणारे पुरुष हा प्रश्न क्वचितच विचारतात, पण एकट्या बाईला मंगळवारी पहाटे जाता येईल अशी टेकडी ही वेगळी गोष्ट असते. वाटेवर ओळखीची दहा माणसे भेटणार असतील तरच ती टेकडी माझ्या उपयोगाची. जरंडेश्वर मला अजिंक्यताऱ्याहून आवडतो, पण मारुतीच्या दर्शनाला गर्दी असते तो शनिवार सोडून तिथे एकटी जायला मन धजत नाही. बिबट्याच्या बातम्या दोन्हीकडून अधूनमधून येतात. त्याची मला माणसांपेक्षा कमी भीती वाटते.

बाकीचे वर्ष कसे जाते हे थोडक्यात सांगते. पावसाळ्यात यवतेश्वर घाटात धावणारे भरपूर भेटतात, कारण २०१२ पासून होणारी सातारा हिल हाफ मॅरेथॉन याच घाटातून जाते आणि गावातल्या अर्ध्या तरुणांची तयारी भर पावसात चाललेली असते. सप्टेंबरात कासचे पठार फुलते. २०१२ साली पश्चिम घाटाचा भाग म्हणून त्याला जागतिक वारशाचा मान मिळाल्यापासून रविवारी तिथे जाण्यात काही राम राहिलेला नाही, पण आठवड्याच्या मधल्या सकाळी, धुके विरता विरता तेरड्याचा गुलाबी गालिचा उघडा पडताना बघणे हा इथे राहण्याचा हक्काचा फायदा आहे. दिवाळीनंतर वासोटा किल्ला खुला होतो. बामणोलीहून होडीने कोयना धरणाचा शिवसागर जलाशय ओलांडायचा, जंगलातून चढायचे आणि संध्याकाळच्या आत परतायचे. थंडीत सायकलने वाई, मेणवली, धोम. उन्हाळ्यात शेतातल्या विहिरी. माझा नवरा पाठीला पांगऱ्याचा बिंडा बांधून अशाच विहिरीत पोहायला शिकला आणि पन्नाशी उलटल्यावरही काठावरून सूर मारताना त्याचे वय चाळीस वर्षांनी कमी होते. मला विहिरीच्या काळ्या पाण्याची अजून धास्ती वाटते, म्हणून मी पायऱ्यांवर बसून टॉवेल सांभाळते.

नाशिककर मित्र म्हणतील की आमच्याकडे पांडवलेणी आणि चामरलेणी दाराशी आहेत, रामशेज आणि अंजनेरी हाकेच्या अंतरावर, पुढे सातमाळा रांग आणि तासा-दीड तासावर १,६४६ मीटरचे कळसूबाई. ते खरे आहे, आणि किल्ल्यांच्या संख्येत सातारा हरेल हे मी मान्य करते. पुण्याबद्दल मात्र माझे मत थोडे कडू आहे. वेताळ टेकडीच्या पायथ्याशी ज्यांचे घर आहे त्यांनी कुठेही हलू नये; पण ती टेकडी वाचवण्यासाठी २०२३ साली लोकांना रस्त्यावर उतरावे लागले, आणि नव्या वस्तीत दहाव्या मजल्यावर घर घेऊन टेकडीपर्यंत चाळीस मिनिटे वाहतुकीत घालवायची असतील तर ते घर मुंबईहून वेगळे कसे? उलट बदलापूर-कर्जतचा माणूस पहाटेच्या लोकलने आणि पुढे एसटीने कर्जतजवळच्या पेठच्या किल्ल्याच्या पायथ्याशी गाडीशिवाय पोहोचतो, हे मला जास्त मोलाचे वाटते.

टेकडी कोणाच्या मालकीची आहे हेही बघावे. वनखात्याची असेल तर नियमांचा जाच होतो, पण ती सहसा बंगल्यांसाठी विकली जात नाही. खासगी असेल तर आज मोकळी दिसणारी पायवाट पाच वर्षांनी कोणाच्या तरी बंगल्याच्या आवारात जाते. आमच्या लोणावळ्याच्या घरासमोरचा उतार आम्ही घर घेतले तेव्हा कुंपणाविना होता. नियमांना मी पूर्वी फार नावे ठेवत असे. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्या धबधब्यापाशी मी स्वतः भाचरांना घेऊन उभी राहिलेली आहे. तेव्हापासून पावसाळी बंदीबद्दल मी बोलत नाही.

सातारा सगळ्यांना मानवेल असे नाही. इथे ज्यांचे काम घरून होत नाही त्यांना पुण्याकडे पळावे लागते, खंबाटकी घाटात अडकावे लागते, आणि रात्री नऊनंतर गाव झोपते. पण जागा कुठलीही निवडा, विकत घेण्याआधी तिथे भाड्याने राहा. एक महिना मे, एक महिना जुलै. ऑक्टोबर ते फेब्रुवारी सह्याद्रीत कुठलेही घर चांगलेच वाटते, त्या दिवसांत जागा दाखवणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते.

मैत्रिणीला मी हे सगळे सांगितले. ती थोडी नाराज झाली, पण प्लॉटचा व्यवहार दिवाळीपर्यंत पुढे ढकलून जुलैत त्याच गावात एक खोली भाड्याने घ्यायला तयार झाली आहे. मी तिला बुटांचे दोन जोड आणि रद्दीचा मोठा गठ्ठा बरोबर न्यायला सांगितले आहे.