नोकरी सुटली म्हणजे ॲस्बेस्टॉसचा दावा बुडाला?

सोलापुरातल्या निवृत्त कामगारांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. "ॲस्बेस्टॉसने छाती गेली तरी नोकरी सोडून दोन वर्षं झाली की हक्क संपला. ठेकेदाराकडे होतात तर मालकाचा संबंध नाही. बिडी ओढणाऱ्याला छदामही नाही. अमेरिकेच्या ट्रस्टमधून मात्र २५ लाख मिळतात, फॉर्मचे २,००० भरा." साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्या शेजारच्या बॉयलर फिटरनी तो वाचून एक्स-रेची पाकिटं रद्दीत काढली, म्हणून हे लिहिणं आलं.

ट्रस्टचं आधी उरकतो. तसे ट्रस्ट अमेरिकेत आहेत, पण ते दिवाळखोरीत गेलेल्या तिथल्या कंपन्यांचे, त्यांच्याच मालाने आजारी पडलेल्यांसाठी. २,००० मागणारा भामटा आहे.

आता दोन वर्षांचं. अर्धं खरं आहे, नाइलाजाने मानतो. १९२३ च्या भरपाई कायद्यात (तो आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय) दोन वर्षांची मुदत होतीच. पण मोजायची कुठून? नोकरी सुटल्यावर दोन वर्षांच्या आत लक्षणं आली, तर ती पहिल्यांदा सापडली त्या दिवसापासून. त्यानंतर आली तर वाट अवघड, पण बंद नाही. उशिराचं कारण पटलं तर भरपाईचे दावे ऐकणारे आयुक्त दावा घेऊ शकतात, हेही त्याच कायद्याच्या कलम १० मध्ये होतं. आणि कारण म्हणजे हा रोगच. ॲस्बेस्टॉसिस (धुळीने फुप्फुस कडक होणं) उमटायला दहा-वीस वर्षं लागतात, मेसोथेलिओमाला (फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग) तीस-चाळीससुद्धा. म्हणून तर सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस उद्योगाला बजावलं: कामगाराची आरोग्य-नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा सुटल्यावर १५ वर्षं, यातलं जे उशिरा संपेल तोवर जपा. हक्क दोन वर्षांत मेला असता तर ही दप्तरं कशाला सांभाळायला लावली? साखर कारखान्याचा वकील म्हणेल, आम्ही कुठे ॲस्बेस्टॉसचे पत्रे बनवतो. म्हणू दे. रोग तोच, उशीरही तोच. नोंद लेखी मागा, नकार दिला तर तोही लेखी घ्या.

खरी गोची कागदांची. डिस्चार्ज कार्डावर 'सीओपीडी' (श्वासनलिकांचा जुनाट आजार) नाहीतर 'जुना टीबी', आणि व्यवसायापुढे नुसतं 'निवृत्त'. सिव्हिलच्या डॉक्टरांकडून कारखान्यातलं खातं, साल आणि काम लिहून घ्या: स्टीम पाइपचं जुनं लॅगिंग (उष्णता रोखणारं वेष्टन) फोडणं, बॉयलरच्या दाराला ॲस्बेस्टॉसची दोरी भरणं. एचआरसीटी (छातीचा बारीक सीटी स्कॅन) आणि स्पायरोमेट्री (फुंकून करायची श्वासाची चाचणी) दोन्ही करा. बायोप्सी झाली असेल तर लॅबमधला मेणाचा ब्लॉक (काढलेला तुकडा त्यात जपलेला असतो) मागून ठेवा. पीएफचं पासबुक आणि बरोबर काम केलेल्या दोघांची प्रतिज्ञापत्रं जोडा. ईएसआयचं (कामगार राज्य विम्याचं) कार्ड होतं त्यांनी ईएसआयकडेच जायचं, दोन्हीकडून मिळत नाही. चुकीच्या दारात अर्ज टाकला की वर्ष तिथेच जातं. जुना कायदा संहितेत गेल्याने कलमांचे आकडे वकिलाकडून तपासून घ्या.

ठेकेदाराचं म्हणाल तर काम कारखान्याच्या नेहमीच्या धंद्यातलं असेल तर भरपाई मूळ मालकाकडून मागता येते. ठेकेदाराकडून वसूल करणं त्याची डोकेदुखी.

बिडीचं म्हणाल तर बिडी आणि ॲस्बेस्टॉस मिळून फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका फार वाढतो, हे खरं. पण ॲस्बेस्टॉसिस किंवा मेसोथेलिओमा बिडीने होत नाही. आणि छदाम म्हणजे किती ते मोजा: पगार १५,००० आणि वय ६० असताना काम करण्याची ताकद कायमची पूर्ण गेली, तर पगाराचे ६० टक्के गुणिले ११७.४१ (साठाव्या वर्षासाठी कायद्यात दिलेला गुणक), म्हणजे १०,५६,६९० रुपये.