काजू-गुळाची बिस्किटे साखरमुक्त नाहीत

"मैदा नाही, साखर नाही, फक्त काजू, गूळ आणि तूप. गूळ वगळल्यास बिस्कीट बांधले जात नाही. मधुमेह असलेल्यांनी कितीही खावीत." अशी कृती गेल्या गणपतीपासून आमच्या वेंगुर्ल्यात मोबाइलवर घरोघरी फिरते आहे. काजू आपल्या बागेतला आणि गूळ आजीच्या हातचा, त्यामुळे या कृतीवर चटकन विश्वास बसतो. माझ्या आईनेही तो ठेवला आणि मधुमेह असताना दुपारच्या चहाबरोबर रोज चार-पाच बिस्किटे खाल्ली. म्हणून हा मजकूर तपासणे मला गरजेचे वाटते.

साखर नसल्याचे विधान मुळातच चुकीचे आहे. गूळ म्हणजे आटवलेला उसाचा रस. त्यातला बहुतांश भाग साखरेचाच असतो आणि सोबतची थोडी खनिजे त्या साखरेला रक्तात उतरण्यापासून अडवत नाहीत. काकवी, मध आणि खजूर यांनीही साखरेची भर पडतेच. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार १०० ग्रॅम घन पदार्थात ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त साखर असेल, तर विक्रीच्या वेष्टनावर साखरमुक्त असे लिहिता येत नाही.

मैदा नाही म्हणून कर्बोदके कमी, हा समजही काजूच्या बाबतीत टिकत नाही. १०० ग्रॅम काजूगरात सुमारे ३० ग्रॅम कर्बोदके असतात आणि त्यांत रक्तातील साखर न वाढवणारे तंतू जेमतेम ३ ग्रॅम. बदामात ती सुमारे २१ ग्रॅम असली, तरी त्यांतले १२ ग्रॅम तंतूच असतात. काजू वाईट आहे असे मी मुळीच म्हणत नाही. वेंगुर्ल्याच्या काजूला भौगोलिक मानांकन मिळाले, याचा मला अभिमानच आहे. पण १०० ग्रॅम काजूपूड आणि ५० ग्रॅम गूळ घेऊन १२ बिस्किटे केली, तर प्रत्येकात सहा ग्रॅमच्या वर कर्बोदके येतात, म्हणजे आईच्या पाच बिस्किटांत तीस ग्रॅम.

गुळाशिवाय बिस्कीट बांधले जात नाही, हे तर स्वतः करून पाहिल्यावर खोटे ठरले. १०० ग्रॅम बदामपूड, ५० ग्रॅम किसलेले सुके खोबरे, ४० ग्रॅम तूप, ५० ग्रॅम दळलेले एरिथ्रिटॉल (रक्तातील साखर जवळपास न वाढवणारा गोड पदार्थ) आणि एका अंड्याचा पांढरा भाग एवढ्यात १६ बिस्किटे होतात आणि तंतू आणि एरिथ्रिटॉल वगळता प्रत्येकात साधारण एक ग्रॅम कर्बोदके राहतात. बदाम दळताना मिक्सर थांबत थांबत फिरवावा, नाहीतर तेल सुटून पुडीचा लगदा होतो. ओव्हनमध्ये १६० अंश सेल्सिअसवर पंधराएक मिनिटांत कडा तांबूस होतात, पण बिस्कीट त्या वेळी इतके मऊ असते की उचलताच त्याचा भुगा होतो. ताटात अर्धा तास निवू दिले की ते आपोआप आवळते. एरिथ्रिटॉलची गोडी साखरेच्या सुमारे ७० टक्के असते आणि जिभेला किंचित गार लागते. बाजारातल्या काही साखरमुक्त बिस्किटांत माल्टिटॉल हा दुसरा गोड पदार्थ असतो, तो मात्र रक्तातील साखर वाढवतो. म्हणून पुड्यावरील घटक वाचूनच घ्यावे.

राहिला "कितीही" हा शब्द. १०० ग्रॅम बदामांत सुमारे ५८० किलोकॅलरी असतात, शिवाय खोबरे आणि तूप वेगळे. आई आता चहाबरोबर दोनच बिस्किटे घेते, आणि त्या दिवशीचे गोड तेवढेच असते.