चीनमुळे पक्ष फुटला म्हणे!

ऑक्टोबर आला की हा मेसेज फिरतोच: ‘१९६२ला चीनने हल्ला केला, चीनधार्जिणे कम्युनिस्ट फुटले, माकप (मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष) निघाला. भाकप (भारतीय कम्युनिस्ट पक्ष) देशाबरोबर राहिला.’ तीनच दावे, आणि तिन्हींत घोळ.

हल्ल्याने भांडण चिघळलं, हे खरं. १ नोव्हेंबर १९६२ला तेव्हाच्या एकसंध कम्युनिस्ट पक्षाच्या राष्ट्रीय परिषदेने चीनचा निषेध केला आणि त्याच महिन्यात पक्षातल्या डाव्या गटाचे नेते धडाधड तुरुंगात गेले. पण मूळ वाद नेहरूंच्या काँग्रेसशी कसं वागायचं, हा होता. १९५६च्या पालघाट अधिवेशनातही तो गाजला. १९५९ला केरळचं नंबुद्रिपाद सरकार दिल्लीने बरखास्त केलं, तेव्हा काँग्रेसशी हातमिळवणी म्हणणाऱ्यांची पंचाईतच झाली. १९६१ला विजयवाड्यात तर पक्ष फुटता फुटता वाचला. जानेवारी १९६२मध्ये सरचिटणीस अजय घोष गेले, तेव्हा अध्यक्षपद नव्याने निर्माण करून ते उजव्या गटाच्या श्रीपाद अमृत डांग्यांना दिलं आणि सरचिटणीस केलं नंबुद्रिपादांना. ही तडजोड एप्रिलची. हल्ला सहा महिने लांब होता.

प्रत्यक्ष ठिणगी पडली ती मुंबईच्या ‘करंट’ साप्ताहिकामुळे. मार्च १९६४मध्ये त्यात डांग्यांच्या नावाची पत्रं छापून आली: १९२४ला कानपूर खटल्यात तुरुंगात असताना ब्रिटिशांना सहकार्य देऊ करणारी. डांगे म्हणाले, बनावट आहेत. ११ एप्रिलच्या राष्ट्रीय परिषदेच्या बैठकीत मागणी झाली, या विषयापुरतं अध्यक्षांनी खुर्ची सोडावी. ते हलले नाहीत. ३२ सदस्य उठून बाहेर पडले. त्यांत नंबुद्रिपाद आणि ज्योती बसूही होते, आणि हे दोघे तर ना डाव्या गटाचे ना उजव्या, मधल्या भूमिकेचे! डाव्या गटाचे बी. टी. रणदिवे आणि डांगे दोघेही मुंबईच्या कामगार चळवळीत घडलेले. तेही इथून दोन पक्षांत गेले: रणदिवे माकपमध्ये, डांगे भाकपमध्ये.

माकप चीनचा म्हणावा, तर १९६७ला बंगालमधल्या नक्षलबारीत शेतकऱ्यांचा उठाव पेटल्यावर पेकिंगने (आजचं बीजिंग) तो उठाव डोक्यावर घेतला आणि माकपवर तोफ डागली. तेव्हा बंगालचे उपमुख्यमंत्री होते बसू. त्याच वर्षी मदुराईत माकपच्या केंद्रीय समितीने चिनी मार्ग नाकारला. ‘चीनचे अध्यक्ष ते आमचे अध्यक्ष’ म्हणणाऱ्यांनी १९६९ला वेगळा पक्ष काढला.

राहिला ‘देशाबरोबर’ राहिलेला भाकप. तो आणीबाणीत इंदिराबाईंबरोबर होता. १९७८ला भटिंडा अधिवेशनात त्याने ती चूक मानली. डांग्यांनी मात्र इंदिराबाईंची साथ सोडली नाही, आणि १९८१ला भाकपने त्यांनाच पक्षातून काढलं.