मशीनला हात न लावता ऑपरेटर कसा घडवावा

नाशिकच्या अंबड, सातपूर, गोंदे किंवा सिन्नरच्या मुसळगावात तुमचं युनिट आहे, दर महिन्याला नवी पोरं भरावी लागतात आणि तयार होताहोताच ती शेजारच्या प्लॉटवर दोन हजार जास्त घेऊन जातात. अशा वेळी सेटरच्या, म्हणजे मशीन जुळवून देणाऱ्या जाणत्या कारागिराच्या, शेजारी सहा महिने उभं करून माणूस शिकवायची जुनी खोड आधी मोडा. सेटर महाग असतो, तोंडाने फटकळ असतो, आणि मुख्य म्हणजे त्याच्या शिकवण्याचा रिपोर्ट निघत नाही. शिकवणाऱ्या मोबाईल ॲपचा निघतो. रंगीत निघतो.

ॲप घेताना फुकटचं घेऊ नका. केंद्र सरकारच्या भारत स्किल्सवर ट्रेडनिहाय अभ्यासक्रम आणि प्रश्नपेढ्या मोफत पडलेल्या आहेत. पण मोफत वस्तूची पर्चेस ऑर्डर निघत नाही, आणि जिची ऑर्डर नाही तिचं मॅनेजमेंट मीटिंगमध्ये सादरीकरण कसलं करणार? माणशी, महिन्याच्या भाड्याने मिळतं ते घ्या. मात्र डेमोच्या वेळी सेटरला बोलावू नका. तो नको ते विचारतो.

आता शिस्त. ट्रेनीचा मोबाईल गेटवर जमा करून घ्या. शॉपफ्लोअरवर मोबाईलबंदी हवीच. आणि सगळं प्रशिक्षण मोबाईलवरच ठेवा. म्हणजे शिकायचा वेळ आपोआप पाळीच्या बाहेर जातो: पाथर्डी फाट्यावरच्या पाच जणांच्या खोलीवर, सिटीलिंकच्या बसमध्ये उभ्याने. व्हिडिओ पुढे ढकलता येणार नाही अशी सोय जरूर करून घ्या. पोरं तो लावून आंघोळीला जातील, पण सिस्टिममध्ये 'पूर्ण पाहिला' अशी नोंद पडेल, आणि आपल्याला नोंदच हवी आहे.

परीक्षेत सरकारची नक्कल करू नका. आयटीआयच्या परीक्षेत ट्रेड प्रॅक्टिकलला पास व्हायला ६० टक्के लागतात आणि थिअरीला ३३. हाताला जास्त आणि डोक्याला कमी, हे गणित जुन्या जमान्याचं. तुम्ही थिअरीला ८० ठेवा आणि प्रॅक्टिकल ठेवूच नका. प्रश्न असे काढा: सीएनसीचं पूर्ण रूप काय? जी०० म्हणजे काय? 'पहिल्या पीसचा व्यास चार शतांश मिलिमीटर मोठा आला, आता काय करशील?' असला प्रश्न टाळा, कारण त्याला चार पर्याय सुचत नाहीत. वीसच प्रश्न ठेवा आणि त्यांचाच क्रम बदलत राहा. दुसऱ्या आठवड्यात उत्तरं व्हॉट्सॲपवर फिरू लागतात आणि निकाल सुधारतो. ही सुधारणा आलेखात फार सुरेख दिसते.

खरी गंमत सिम्युलेटरची. टर्निंगचा सिम्युलेटर घ्याच, म्हणजे फिरता धातूचा तुकडा (जॉब) टूलने कापणाऱ्या सीएनसी लेथची स्क्रीनवरची नक्कल. त्यात स्पिंडल फिरतो, टूल सरकतं, जॉब चकाकतो. कापलेल्या चीपची गुंडाळी टूलला अडकत नाही, कूलंटचा वास येत नाही, इन्सर्टची (टूलच्या पात्याची) कड झिजत नाही. आणि दशांश टिंबही माफ असतं. ट्रेनीने व्यासासाठी 'एक्स ५०' लिहिलं, पुढचं टिंब विसरला, तरी सिम्युलेटर समजूतदारपणे ५० मिलिमीटर धरतो. मशीन चालवणाऱ्या फॅनक कंपनीच्या कंट्रोलरचा ३४०१ नंबरचा पॅरामीटर नेहमीच्या पद्धतीने लावलेला असेल, तर टिंब नसलेले ५० म्हणजे ५० मायक्रॉन. टूल रॅपिडने, म्हणजे न कापता धावायच्या पूर्ण वेगाने, थेट ०.०५ व्यासाकडे निघतं, आणि वाटेत जॉब असतो. तेव्हा सिम्युलेटरचं सेटिंग आपल्या मशीनशी जुळवून घेण्याच्या भानगडीत पडू नका. पाच मिनिटांचं काम आहे, पण विक्रेत्याच्या माणसाला फोन करावा लागतो.

जी९६चा, म्हणजे व्यास बदलला तरी कापण्याचा वेग एकच ठेवणाऱ्या आज्ञेचा, धडा तर मन लावून गाळा. कटिंग स्पीड मिनिटाला २०० मीटर दिला, तर ५० व्यासावर स्पिंडल साधारण १२७३ आरपीएमने फिरतो. फेसिंग करत, म्हणजे जॉबचं तोंड सपाट करत, टूल १० व्यासापर्यंत आलं की तोच हिशेब ६३६६ मागतो, आणि मध्याकडे जाताना मागणी वाढतच जाते. मशीन तिच्या कमाल वेगापर्यंत जाते आणि त्याच वेगाने फिरत राहते. त्या वेगाला जॉब धरणाऱ्या चकचे जॉ बाहेरच्या बाजूला ओढले जातात, पकड सैल होते, आणि जॉब लांब किंवा जड असेल तर दरवाजाच्या दिशेने निघतो. वरच्या ओळीत 'जी५० एस२०००', म्हणजे २००० आरपीएमच्या वर जायचं नाही, एवढं लिहिलं तर हे टळतं. पण सिम्युलेटरमध्ये ही ओळ असली काय आणि नसली काय, जॉब जागचा हलत नाही. मग पोराला ती शिकवायची कशाला? प्रोग्रॅम छोटा राहिलेला बरा.

वेअर ऑफसेटला, म्हणजे टूल झिजल्यावर मापात करायच्या दुरुस्तीला, मात्र ॲपमध्ये एक स्लाइड असते: 'मापातला फरक वेअरमध्ये टाका.' एवढंच. स्क्रीनवर 'इनपुट' आणि 'प्लस इनपुट' अशा दोन कळा शेजारीशेजारी असतात, हे स्लाइडवर नसलेलंच चांगलं. समजा वेअरमध्ये आधीच उणे ०.१२ आहे आणि जॉब ०.०४ मोठा येतोय. पोराने उणे ०.०४ टाइप करून 'प्लस इनपुट' दाबलं, तर बेरीज होऊन उणे ०.१६ होतं आणि माप जागेवर येतं. साधं 'इनपुट' दाबलं, तर जुना आकडा पुसला जाऊन नुसतं उणे ०.०४ उरतं, पुढचा जॉब ०.१२ मोठा. मोठा आलेला निदान पुन्हा कापता तरी येतो. खरी कमाई बोअरिंगमध्ये, म्हणजे भोक कापण्यात आहे: तिथे टूल झिजलं की भोक लहान येतं, म्हणून दुरुस्ती अधिक चिन्हाने करावी लागते; ती जास्त पडली की भोक मोठं होतं, आणि मोठं झालेलं भोक कोणतंही ॲप लहान करत नाही. ते रात्रपाळीत ट्रेभर होतं, कारण सकाळपर्यंत डॅशबोर्ड हिरवाच असतो.

मायक्रोमीटरही मोबाईलवरच शिकवा. चित्रातला थिंबल (फिरणारी नळी) नेहमी स्वच्छ असतो आणि रेघ बरोबर रेघेसमोर थांबते. खऱ्या मायक्रोमीटरवर बॅरलची अर्ध्या मिलिमीटरची रेघ थिंबलखालून जेमतेम डोकावत असते. ती नजरेतून सुटली की १२.७८ चं १२.२८ होतं, आणि चांगला जॉब रिजेक्शनच्या लाल पेटीत जातो. रॅचेट किती जोराने फिरवायचं हे बोटांना कळावं लागतं. बोटांचा मॉड्यूल अजून बाजारात आलेला नाही, त्यामुळे ही बाब कार्यक्षेत्राबाहेरची समजावी. पातळ कडी तीन जॉच्या चकमध्ये जास्त दाबाने धरली की चकमध्ये गोल दिसते आणि सोडल्यावर तिकोनी होते, तेही तसंच सोडून द्या. शिवाय ती तिकोनी झाल्याचं साध्या मायक्रोमीटरवर नीट सापडत नाही, म्हणजे ग्राहकाची तक्रार येईपर्यंत सगळे सुखात.

वेल्डिंगला डोळ्यांवर चढवायचा, आभासी वेल्डिंग दाखवणारा चष्मा घ्या. उद्घाटनाला पाहुण्यांना घालून फोटो काढायला त्याच्याइतकी देखणी वस्तू नाही. त्यात आर्कची लांबी, रॉडचा कोन आणि हात सरकवायचा वेग यांचे गुण मिळतात, आणि पोराला रोज अर्धा तास दिला तर हात खरोखर स्थिर होतो, रॉडही वाचतात. म्हणूनच उद्घाटनानंतर तो कपाटात ठेवा, किल्ली एचआरकडे द्या आणि एचआरला रजेवर पाठवा. ३.१५ चा रॉड पत्र्याला चिकटल्यावर मनगटाने झटका कसा द्यायचा, पावसाळ्यात ओलसर झालेल्या रॉडने शिवणीत भोकं का पडतात, स्लॅग (शिवणीवरचं कडक कवच) ठोकून न काढता दुसरा थर दिला की काय होतं, हे पोरं पहिल्या डिस्पॅचमध्ये शिकतील.

सुरक्षेचा मॉड्यूल सगळ्यांना सक्तीचा. लॉकआउटच्या, म्हणजे दुरुस्तीच्या वेळी मशीन बंद ठेवायच्या कुलपाच्या, प्रश्नाला सगळे बरोबर उत्तर देतात: कुलूप ज्याने लावलं त्यानेच काढायचं. पॅनेलशेजारच्या खिळ्याला टांगलेली दुसरी किल्ली व्हिडिओत दिसत नाही, त्यामुळे तिच्याबद्दल प्रश्नही येत नाही.

तुमच्या शॉपमधला एखादा जुना सुपरवायझर मध्येच तोंड घालेल. म्हणेल, प्रोग्रॅम आधी सिम्युलेटरवर चालवू, मार्ग बघू. मग मशीनवर जॉबपासून लांब ड्राय रन. मग सिंगल ब्लॉक (एका वेळी एकच ओळ), रॅपिड ओव्हरराइड २५ टक्क्यांवर, एक हात टूल थांबवणाऱ्या फीड होल्डवर आणि नजर 'डिस्टन्स टू गो'च्या, म्हणजे उरलेल्या अंतराच्या, आकड्यावर. शेजारी सेटर उभा. पहिला पीस मोजून मग कळा सोडायच्या. चुका स्क्रीनवर मुद्दाम करायला लावू, टिंब काढू, जी५० काढू, काय होतं ते पोराच्या तोंडून वदवून घेऊ. ऐकायला बरं वाटतं, पण यात दर ट्रेनीमागे मशीनचे काही तास जातात, आणि त्या तासांना डॅशबोर्डमध्ये रकाना नाही. या सुपरवायझरला शाल-श्रीफळ देऊन क्वालिटीत हलवा.

एवढं करूनही ग्राहकाकडून लॉट परत आलाच, तर घाबरू नका. कारणांच्या रकान्यात 'ऑपरेटरचं अज्ञान' आणि उपायांच्या रकान्यात 'पुनर्प्रशिक्षण' लिहा. त्याच ट्रेनीला तोच मॉड्यूल पुन्हा द्या, प्रमाणपत्र जोडा, मेल पाठवा. ऑडिटर मात्र एक विचारेल: पोराला मशीनवर सोडलं त्या दिवशी हे प्रमाणपत्र होतं का? सॉफ्टवेअर तारीख आपोआप टाकतं. ती मागची टाकायचा अधिकार तुमच्या पॅकेजमध्ये येतो का, हे नूतनीकरणाआधी विचारून ठेवा.