एस्टोनिया की फिनलंड? आधी वर्ष ठरवू

एस्टोनिया आणि फिनलंडची 1938 पासून तुलना करणाऱ्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की 1995 पासून एस्टोनिया फिनलंडपेक्षा कितीतरी वेगानं वाढला. 1994 मध्ये आणलेला 26 टक्क्यांचा सरसकट (सगळ्यांना एकाच दराचा) प्राप्तिकर हे त्याचं कारण, आणि मी ते झाकून सोव्हिएत काळाचंच रडगाणं गात बसलो.

त्या कराचा उल्लेख लेखात यायला हवा होता. 1992 मध्ये क्रून हे नवं चलन जर्मन मार्कला बांधलं गेलं, तेही राहून गेलं. ही माझी चूक. पण झाकलं काहीच नाही.

मला खटकतं ते तुमचं 1995. तेव्हा दोन्ही देश नुकतेच खड्ड्यातून वर येत होते. सोव्हिएत बाजारपेठ बुडाली, बँकांची कर्जं थकली आणि फिनलंडमधली बेरोजगारी तीन टक्क्यांवरून सोळा-सतरावर गेली. एस्टोनियाचं उत्पादन तर जवळजवळ एक तृतीयांशानं घटलं होतं. तळापासून मोजलं की चढ उंचच दिसणार. शेवट 2009 ला केलात, तर एस्टोनिया एका वर्षात सुमारे 14 टक्के घसरलेला दिसेल. तेव्हाही श्रेय कराला द्याल का?

म्हणून मी 1938 पासून सुरुवात केली. तेव्हा दोघांची ऐपत साधारण सारखी होती. फिनलंडही सुखात नव्हता: युद्धाची 30 कोटी डॉलरची भरपाई त्यानं जहाजं आणि यंत्रं बनवून 1952 पर्यंत फेडली. पण कारखाने आणि शेतं ज्यांची त्यांच्याकडे राहिली. एस्टोनियात मात्र सोव्हिएत सत्तेनं मार्च 1949 मध्ये काही दिवसांत वीस हजारांवर माणसं, त्यात बायकामुलं आणि म्हातारी, मालगाड्यांत भरून सायबेरियाला नेली. उरलेल्या शेतकऱ्यांनी काही आठवड्यांत शेतं सामूहिक शेतीत घातली. हे मी रडगाणं म्हणून लिहिलं नाही. पुढच्या चाळीस वर्षांच्या आकड्यांत त्याचा परिणाम दिसतो.

वाढीच्या वेगातला छोटा फरकही कुठे नेतो, हिशेब करून बघा. दरसाल साडेतीन टक्के वाढणारा देश 50 वर्षांत साडेपाचपट होतो, दोन टक्क्यांनी वाढणारा पावणेतीनपटही होत नाही. एस्टोनियाची राजधानी तालिनमधले लोक तेव्हा अँटेना फिरवून फिनिश टीव्ही बघत. समुद्रापलीकडच्या फिनलंडमधल्या, अवघ्या 80 किलोमीटरवरच्या दुकानांत काय मिळतं, ते त्यांना जाहिरातींतूनच कळायचं.

2008 नंतर फिनलंड दहा वर्षं जवळपास जागीच राहिला, हा तुमचा मुद्दा मात्र पक्का आहे. त्यावर पुढच्या लेखात सविस्तर लिहितो. तोवर तुमचाच आलेख 1938 पासून काढून पाठवा, माझ्या आलेखाशेजारी लावतो.