‘डिले टाकला, चालायला लागलं’ म्हणे!

मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड अडकला, हार्डफॉल्ट (प्रोसेसरने चूक पकडून कोड थांबवणं) आला, पीसी (चालू सूचनेचा पत्ता) मेमकॉपीच्या, म्हणजे सी भाषेतल्या मेमरी कॉपी करणाऱ्या फंक्शनच्या, आत सापडला. मग सुरू होतात ठरलेले उपाय. आधी पाच मिलिसेकंदांचा डिले. नाही जमलं तर २५६ चा बफर ५१२. तरीही नाही तर कंपायलरचं ऑप्टिमायझेशन ओ-झीरो, म्हणजे बंद. बोर्ड कसाबसा चालला की कमिट: ‘मेमकॉपी इश्यू फिक्स्ड’. कसला डोंबलाचा फिक्स? मेमरी अजूनही तुडवली जातेच आहे, फक्त आता पायाखाली दुसरंच व्हेरिएबल आहे.

मेमकॉपीला तीनच गोष्टी कळतात: कुठे, कुठून, किती. यातली एक तुम्ही चुकीची दिलीत. कोणती, ते शोधायचे कष्ट नकोत, कारण हार्डफॉल्ट हँडलरमध्ये रिकामा, न संपणारा व्हाइल-वन लूप टाकून सगळे मोकळे! अरे, कॉर्टेक्स-एम प्रोसेसर फॉल्टच्या क्षणी आठ रजिस्टर स्वतः स्टॅकवर ठेवतो: आर०, आर१, आर२, आर३, आर१२, एलआर (परतीचा पत्ता), पीसी, एक्सपीएसआर (स्थितीचे बिट). फक्त कोणत्या स्टॅकवर ते पाहा. हँडलरमध्ये शिरताना एलआरमध्ये जी किंमत असते तिचा बिट २ एक असेल तर पीएसपी (टास्कचा स्टॅक पॉइंटर), शून्य असेल तर एमएसपी (मुख्य स्टॅक पॉइंटर). फ्रीआरटीओएस या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमचे टास्क पीएसपीवर चालतात आणि लोक एमएसपी वाचून ‘सगळा कचराच दिसतोय’ म्हणतात. दिसणारच. स्टॅकवरचा एलआर ॲडर-टू-लाइनला, म्हणजे पत्त्यावरून कोडची ओळ सांगणाऱ्या टूलला, द्या, बहुतेक वेळा मेमकॉपीला बोलावणारी ओळच मिळते. मग फॉल्टचं कारण सांगणारं सीएफएसआर रजिस्टर वाचा: अनअलाइन्ड (पत्ता आकाराच्या पटीत नाही), प्रिसाइझ (पीसी नेमक्या सूचनेवर) की इम्प्रिसाइझ (पीसी पुढे सरकलेला). बीएफएआर रजिस्टरमधल्या, म्हणजे फॉल्ट देणाऱ्या, पत्त्यावर विश्वास ठेवायचा तो फक्त त्याचा व्हॅलिड बिट लागलेला असेल तरच. इम्प्रिसाइझ असेल तर कॉर्टेक्स-एम३-एम४ वर डिबगिंगपुरता राइट बफर (लिहिणं मागे ठेवणारा) बंद करा. कोड हळू होईल, पण पीसी खरं बोलेल.

ओ-झीरोने ‘बरं’ कसं होतं माहितीये? पॅकेटच्या बाइट-पॉइंटरला सरळ ३२-बिट पॉइंटर म्हणून कास्ट केलेलं असतं. एम४ वर साधी एलडीआर (मेमरीतून वाचायची) सूचना वेडावाकडा, म्हणजे अनअलाइन्ड, पत्ता चालवून घेते. ओ-टूला (वेगासाठीच्या ऑप्टिमायझेशनला) कंपायलर शेजारचे दोन लोड मिळून एलडीआरडी किंवा एलडीएम (एकाच फटक्यात जास्त वाचणाऱ्या सूचना) करतो, आणि त्या अजिबात चालवून घेत नाहीत. एम० वर तर साधी एलडीआरसुद्धा फॉल्ट देते. उपाय काय, तर कास्ट काढा आणि चार बाइट लोकल व्हेरिएबलमध्ये मेमकॉपीनेच आणा. हो, जिला शिव्या घालत होतात तिनेच.

क्यूचा, म्हणजे टास्कमधल्या निरोपांच्या रांगेचा, गोंधळ तर विचारूच नका. क्यू तयार करताना आयटमचा आकार म्हणून पॉइंटरचा साइझऑफ द्यायचा, म्हणजे ३२-बिट चिपवर चार बाइट, आणि पाठवायचं अख्खं स्ट्रक्चर. पलीकडे पहिले चारच बाइट पोचतात. याच्या उलट, आयटम ६४ बाइटांचा आणि घेणाऱ्याचा लोकल बफर ३२ चा, म्हणजे उरलेले ३२ बाइट थेट त्याच्या स्टॅकवर. मग क्रॅश येतो तो फंक्शनमधून परतताना, मेमकॉपीपासून मैलभर लांब. कंपायलर गप्प, कारण सगळं व्हॉइड-पॉइंटर, डेटाचा प्रकारच न सांगणारं. आणि स्टॅकची खोली एक्सटास्कक्रिएटला (टास्क तयार करणाऱ्या फंक्शनला) चार बाइटांच्या वर्डमध्ये द्यायची असते हो, बाइटमध्ये नाही! १२८ म्हणजे ५१२ बाइट.

डिलेने बरं होणारा खास आजार एसटीएम३२एच७ या चिपवर भेटतो. डीएमएने (प्रोसेसरशिवाय डेटा हलवणाऱ्या हार्डवेअरने) रॅममध्ये नवा डेटा लिहिला, प्रोसेसर मात्र कॅशमधला शिळा वाचतो आणि मेमकॉपी तो शिळा डेटा इमानदारीने उतरवते. डिलेच्या काळात ती कॅश-लाइन योगायोगाने बाहेर फेकली गेली की ‘चाललं’! वाचण्याआधी इनव्हॅलिडेट (कॅशमधली प्रत टाकून द्या), पाठवण्याआधी क्लीन (कॅशमधलं रॅममध्ये उतरवा). बफर ३२ बाइटांवर अलाइन हवा आणि त्याचा आकारही ३२ च्या पटीत हवा, नाहीतर इनव्हॅलिडेट करताना शेजारच्या व्हेरिएबलची ताजी किंमतही उडते. बफर डीटीसीएममध्ये (प्रोसेसरला थेट जोडलेल्या मेमरीत) पडला असेल तर डीएमए१ आणि डीएमए२ तिथे पोचतच नाहीत, मग कॅशशी कितीही झटापट करा.

रिंग बफर पुढे सरकवताना दोन्ही भाग एकमेकांवर चढत असतील तर मेममूव्ह वापरा. यावर अजून वाद घालणाऱ्यांना नमस्कार.

लांबी तपासायचा कंटाळा मात्र जीवघेणा. पॅकेटमधून आलेल्या लांबीतून हेडरचे ४ वजा करायचे. लांबीच २ आली तर उत्तर उणे दोन, आणि ऋण आकडे नसलेल्या ३२-बिट साइझ-टीमध्ये ते होतं ४,२९,४९,६७,२९४. करा कॉपी! २०१९ साली व्हीएक्सवर्क्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या नेटवर्क स्टॅकमध्ये अर्जंट-११ नावाने ज्या अकरा त्रुटी उघड झाल्या, त्यांतली एक अशाच वजाबाकीची होती: टीसीपीचा अर्जंट पॉइंटर शून्य आला की आकडा खाली घसरून प्रचंड व्हायचा. वजाबाकीच्या आधी एक इफ लिहायला काय जातं?

आणि ‘लायब्ररीवर भरवसा नाही’ म्हणत स्वतःची मेमकॉपी लिहिणारे महाभाग! जीसीसी कंपायलर १० पासून ओ-टूलाच तुमचा कॉपीचा लूप ओळखून त्याजागी मेमकॉपीचा कॉल बसवू शकतो. तसं झालं की तुमची मेमकॉपी स्वतःलाच बोलावत राहते, स्टॅक संपेपर्यंत. फ्रीस्टँडिंग फ्लॅग (मानक लायब्ररी नाही असं सांगणारा) दिला तरी हे थांबत नाही. त्या फाइलपुरता ‘नो-ट्री-लूप-डिस्ट्रिब्यूट-पॅटर्न्स’ द्यावा लागतो, आणि तो दिल्यावर डिसअसेंब्ली (कंपायलरने काढलेल्या सूचना) उघडून आत कॉल उरलाय का ते डोळ्यांनी बघा.