हाताची घडी, तोंडावर बोट

सोसायटीच्या कमिटीवर नुकतेच बिनविरोध निवडून आलेल्या सर्व बंधू-भगिनींचं अभिनंदन. बिनविरोध म्हणजे बाकी कुणाला वेळ नव्हता, हे तुम्हालाही माहीत आहे आणि आम्हालाही. तरी पेढे वाटा. पुढची पाच वर्षं कारभार कसा हाकावा याचे धडे मी गेल्या रविवारी आमच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत घेऊन आलो, ते तुम्हाला फुकट देतोय. सध्या मला वेळ भरपूर आहे, कारण सोमवारी सकाळी सात चाळीसला मला सोसायटीच्या ग्रुपवरून काढून टाकलं.

सभा ३० सप्टेंबरच्या आत उरकावी लागते, तेव्हा शेवटचा रविवार धरावा, सकाळी दहाची वेळ द्यावी. साडेदहापर्यंत कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, होत नाहीच. मग सभा तहकूब करून त्याच जागी, त्याच प्लास्टिकच्या खुर्च्यांवर पुन्हा भरवावी, कारण तहकूब सभेला कोरम लागत नाही. तेवढ्या वेळात बटाटेवड्यांचा वास सुटला पाहिजे. अहवाल 'वाचला असे समजून', हिशेब 'एकमताने'. कुणी हात वर केलाच तर त्याला शेवटच्या विषयाकडे पाठवावं: 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. परवानगी येत नाही, वडे येतात.

रंगकामाची तीन कोटेशनं घ्यावीत. तिन्ही एकाच अक्षरात असली तरी बिघडत नाही.

इतिवृत्ताची वही खजिनदाराकडे असावी आणि खजिनदार अलिबागला.

आता 'ऐच्छिक' हा शब्द. हा नीट घोटून घ्या, कारण अख्खा सहकार याच्यावर उभा आहे. आमच्याकडे गणपतीची वर्गणी ऐच्छिक असते. नोटीस बोर्डावर तसं ठळक लिहिलं होतं आणि खाली बारीक अक्षरात: 'प्रत्येकी रु. १,५००, ऑगस्टच्या मेंटेनन्स बिलात समाविष्ट.' माझं गणपतीशी काही वाकडं नाही, पाचही दिवस आरतीला झांजा मीच बडवतो. पण ऐच्छिक म्हटल्यावर मी भाबडेपणाने माझी इच्छा वापरली. मेंटेनन्स भरला, दीड हजार मागे ठेवले आणि कळवलं की मागच्या वर्षीचा हिशेब दाखवा, त्याच दिवशी देतो. हिशेब आला नाही. सप्टेंबरचं बिल आलं. त्यात ते दीड हजार 'थकबाकी' होऊन बसले होते आणि त्यांच्यावर वर्षाला २१ टक्क्यांनी एका महिन्याचं व्याज, २६ रुपये २५ पैसे. वर्गणीवर व्याज! बाप्पाही चक्रावला असेल. खजिनदारांना विचारलं तर म्हणतात, "अहो, आम्ही कुठे लावतो, ते सॉफ्टवेअर लावतं." म्हणजे माझी इच्छा काय आहे हे मला सोडून सगळ्यांना ठाऊक, सॉफ्टवेअरलासुद्धा. तीच गत फ्लॅट विकणाऱ्याची. महापालिका हद्दीत हस्तांतरण शुल्काला २५,००० रुपयांची मर्यादा आहे, म्हणून वरचे लाखभर 'इमारत निधीस स्वेच्छा देणगी', आणि ही स्वेच्छा झाल्याशिवाय एनओसीवर शिक्का नाही. आणि आपण कुणाचे वारस आहोत हो? मुंबईत गावदेवीला १९१५ साली सारस्वत सोसायटी उभी राहिली तेव्हापासूनचे. विखे पाटलांच्या प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे. 'विना सहकार नाही उद्धार' म्हणणारे. २०१२ साली ९७वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि थेट संविधानात लिहून आलं की सहकारी संस्थांची स्वेच्छेने स्थापना, स्वायत्त कारभार, लोकशाही नियंत्रण आणि व्यावसायिक व्यवस्थापन यांना राज्याने चालना द्यावी. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या दुरुस्तीचा मोठा भाग राज्यांतल्या संस्थांपुरता रद्द केला, पण हे वाक्य शाबूत आहे. स्वेच्छेने! यांना तो शब्द फक्त पावती पुस्तकावर छापायला सापडला.

असो. आवाज चढला. तुम्हाला धडे देत होतो.

भाषणस्वातंत्र्य हवंच. सोसायटी काढण्याचा हक्क आणि बोलण्याचा हक्क, दोन्ही संविधानाच्या १९व्या अनुच्छेदात राहतात. एकाच मजल्यावर, मध्ये सभा भरवण्याच्या हक्काचं एकच दार. तेव्हा शेजाऱ्याला जपावं. आमच्या अध्यक्षांनी यंदा मंडपात लोकमान्यांच्या तसबिरीसमोर पंधरा मिनिटं भाषण केलं. १८९३ चा सार्वजनिक उत्सव, १९०८ चा राजद्रोहाचा खटला, मंडालेची सहा वर्षं, सगळं मुखोद्गत. खाली उतरल्यावर मी वर्गणीचा हिशेब विचारला, तर म्हणाले, "सणासुदीला राजकारण नको."

मग मी ग्रुपवर एक ओळ टाकली: 'ऐच्छिक वर्गणीवर व्याज कोणत्या ठरावाने लागलं?' पाचव्या मिनिटाला ती ओळ नाहीशी झाली आणि तिथे 'ॲडमिनने हा संदेश हटवला' असं आलं. त्यामागोमाग ११ गुलाब, चार सुप्रभात आणि गुडघेदुखीवर मेथीचा एक उपाय. संध्याकाळी सेटिंग बदललं, आता फक्त ॲडमिन बोलणार. कायदा पाळूनच बरं का. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं होतं की ग्रुपवर दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराला ॲडमिन आपोआप जबाबदार ठरत नाही, त्याच्या हातात सदस्य घेणं आणि काढणं एवढाच मर्यादित अधिकार असतो. आमच्या सचिवांनी त्या निकालातला 'काढणं' तेवढा उचलला. रविवारी सभेत तोच प्रश्न मी तोंडाने विचारला, सोमवारी मी बाहेर. मंगळवारी लेटरहेडवर पत्र: 'आपण संस्थेची बदनामी केली असून सात दिवसांत लेखी माफी मागावी.' प्रश्नाचं उत्तर त्या पत्रात कुठे आहे ते मी भिंग घेऊन शोधलं.

न्यायाचं म्हणाल तर त्याची काळजी नको, रस्ता लांब आहे. तक्रारदार आधी उपनिबंधक कार्यालयात जाईल. तिथे टेबलामागून उत्तर येईल, "हा सहकार कायद्याच्या कलम ९१ चा वाद आहे, सहकार न्यायालयात जा." वकील विचारेल, "रक्कम किती? दीड हजार?" आणि फी सांगेल ती ऐकून मनुष्य बसूनच घेईल. यातली खरी गंमत पुढे आहे. मी दावा लावलाच तर सोसायटीही वकील देणार, त्याचे पैसे सोसायटीच्या खात्यातून जाणार, आणि त्या खात्यात दर महिन्याला मेंटेनन्स कोण भरतं? मीच. म्हणजे माझ्याविरुद्ध लढायला मीच पैसे पुरवायचे, तेही वेळेवर, नाहीतर पुन्हा २१ टक्के. एवढं चोख कुणाला जमलं नसेल.

काल रात्री साडेदहाला बेल वाजली. तिसऱ्या मजल्यावरचे काका. जिन्यात कुणी नाही ना ते बघून आत आले आणि कुजबुजले, "बरोबर बोललात तुम्ही रविवारी. पण माझं नाव कुठे घेऊ नका हं." गेल्या तीन दिवसांतले हे सहावे. लिफ्टमध्ये दोघं, भाजीवाल्याकडे एक, दोन फोन.

आता धडे पुरेत. हसत वाचत असाल तर तुमच्याशीच बोलतोय. मला सचिवांचा राग कमी येतो. त्यांना काय, सुटलेली गाय मिळेल तिथे चरते. राग तुमचा येतो, तुमचा. रविवारी तुम्ही तिथेच होतात, माझ्या मागच्याच खुर्चीवर. मी उभा राहिलो तेव्हा तुम्ही मोबाइल काढलात. 'एकमताने मंजूर' म्हटलं तेव्हा त्या एकमतात तुमचं मत होतं आणि तुम्ही ते दोन वड्यांना दिलंत. रंगकामाची गफलत तुम्हाला माझ्याआधी कळली होती, पार्किंगची जागा कुणाला कशी मिळाली तेही कळलं होतं. टीव्हीसमोर बसून देशात बोलायची सोय उरली नाही म्हणून तुम्ही गळा काढता, आणि खाली चाळीस घरांच्या सभेत, जिथे ना पोलीस, ना तुरुंग, फार तर उद्या लिफ्टमध्ये कुणी मान फिरवेल, तिथे तुमची दातखीळ बसते! लाज नाही वाटत? पोरांना घोषणा पाठ करायला लावता आणि पोरांच्या बापाला साधा हात वर करता येत नाही.

विशेष सभा बोलवायची तर एक पंचमांश सभासदांच्या सह्या लागतात. चाळीसाचे आठ. माझी एक, दुसरी पहिल्या मजल्यावरच्या आजींची. त्यांना ऐकू कमी येतं, पण अर्ज स्वतः वाचून सही केली आणि 'उशीर केलास' म्हणाल्या. आणखी सहा हव्यात, आणि कानात येऊन 'बरोबर बोललात' सांगणारेही मोजून सहाच आहेत. अर्ज माझ्या दारामागे खुंटीला अडकवून ठेवलाय. रात्री साडेदहालाच या हवं तर, पण पेन घेऊन या.